गोल्फचा क्लास लावलाय, पण बॅचमध्ये माझाच चेंडू उडेना

नाशिकची_माहेरवाशीण

नमस्कार मंडळी,

प्रश्न चोचल्यांचा वाटेल, वाटू दे. वय ५३, मागच्या वर्षी बँकेतून व्हीआरएस घेतली, गुडघे अजून शाबूत आहेत आणि पहाटे साडेपाचला जाग येण्याची सवय काही सुटत नाही. योगाच्या क्लासला शवासनात घोरले, तेव्हा तो बंद केला. झुंबात सगळ्या उजवीकडे जायच्या तेव्हा मी डावीकडे. शेवटी गणपती विसर्जन झालं आणि पुढच्याच शनिवारी गोल्फचा क्लास लावला.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बरं केलंस बाई. किती फेऱ्या मारतेस?" नाशिकबाहेरच्यांना हे कळणार नाही. आमच्याकडे 'गोल्फ क्लब' म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. अर्धं गाव सकाळी तिथे चालायला जातं. बाबा तीस वर्षं जात होते. मी तिथे रणजीचे सामने पाहिलेत, बाहेर भेळ खाल्लीय, गोल्फची काठी मात्र जन्मात पाहिली नाही. त्यामुळे आईच्या लेखी मी सध्या पुण्यात रोज चालतेय, आणि तिचा हा समज मी दूर केलेला नाही.

तर मुद्दा. पुण्याबाहेरची एक ड्रायव्हिंग रेंज, म्हणजे गोल्फच्या फटक्यांचा सराव करायची जागा, आहे. शनिवार-रविवार सकाळी ७ ते ८, एकूण १० सत्रं, १२,००० रुपये, चेंडूंची बादली धरून. बॅचमध्ये सहा जण: आयटीतली दोन मुलं, एक सीए, एक नवरा-बायको आणि मी. शिकवायला सर एकटेच. माणूस सज्जन आहे, आवाज चढवत नाहीत, पण सहा जणांत त्यांचं तरी काय होणार? सुरुवातीची दहा मिनिटं सगळ्यांना मिळून एक गोष्ट सांगतात आणि मग एकेका मॅटपाशी फिरतात. माझ्यापाशी येईतो मी पंधरा चेंडू चुकीचे मारलेले असतात. ते पकड बदलून देतात, खांदे वळवून देतात, दोन चेंडू मस्त उडतात, सर "व्हेरी गुड" म्हणून पुढे जातात. तिसऱ्या चेंडूपासून पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

बँकेतली सवय, म्हणून गेल्या रविवारी चक्क हिशोब ठेवला. ५० चेंडू. हवेत उडाले ९. जमिनीवरून घरंगळत गेले २७. आडवे-तिडवे ८. उरलेल्या ६ वेळा काठी नुसतीच हवेतून गेली आणि चेंडू जागेवरच माझ्याकडे बघत बसला.

त्यात सल्लागार. माझ्या मागच्या मॅटवर सीए साहेब असतात. प्रत्येक फटक्यानंतर मागून आवाज येतो, "मॅडम, डोकं खाली." मी इतकं खाली घातलं की सोमवारी मानेला मूव्ह लावावं लागलं. पुढच्या मॅटवरचा मुलगा वळून म्हणतो, "आँटी, डावा हात सरळ." सर म्हणतात, हाताचं नंतर बघू, आधी वजन पुढच्या पायावर येऊ दे. मी कोणाचं ऐकू? आणि खरं सांगू, माझी पाळी आली की सगळे थांबून बघतात, तेव्हा कॅशमध्ये रक्कम कमी भरली की पोटात जसा गोळा यायचा तसा येतो.

चार सत्रं झालीत, सहा उरलीत. तेच सर एकट्याला शिकवायचे पाऊण तासाचे अडीच हजार घेतात. बॅच सोडून ते घेऊ का? की चिकाटीने बसू? आणि स्वतःच्या काठ्या आत्ता घ्याव्यात का? सध्या रेंजवरची ७ आयर्न (लोखंडी तोंडाची, मधल्या नंबरची काठी) वापरतेय, पुरुषांचीच आहे बहुतेक, हातात मुसळासारखी लागते.

ठाणेकर_बाप्या

सरळ एकट्याने शिका. मी बारा जणांच्या बॅचमध्ये होतो (रेंजचं नाव सांगत नाही, उगाच भांडण नको). तासातला पाऊण तास काठी काखेत धरून इतरांचे फटके बघण्यात गेला. दोन महिन्यांनी एकट्याने चार धडे घेतले आणि पहिल्याच धड्यात कळलं की माझी पकडच चुकीची होती. म्हणजे दोन महिने चुकीची पकड घोटून पक्की केली. ती मोडायला आणखी तीन महिने.

आता खारघरला सिडकोच्या कोर्सवर खेळतो. सदस्य नसलेल्या माणसालाही तिथे खेळता येतं, आमच्यासारख्यांची तेवढीच सोय. तुमची चार सत्रं तेवढीच काय ती वाया गेलीत असं समजा आणि पुढे व्हा.

काठ्या आत्ता घेऊ नका. यावर दुमत नसावं.

लीथच्या_काठावरून

ताई, मी मूळचा सांगलीचा, गेली अठरा वर्षं एडिंबरात. गोल्फच्या गावात राहून वयाच्या पन्नाशीपर्यंत काठीला हात लावला नव्हता. मग ऑफिसातल्या लोकांनी भरीस घातलं आणि एका नोव्हेंबरात सहा आठवड्यांच्या सामुदायिक क्लासला नाव घातलं. पाच जण होतो: बस चालवणारा एक गृहस्थ, एक निवृत्त नर्सबाई, विद्यापीठातली दोन पोरं आणि मी. वर पत्रा, पुढे अंधार, पाऊस आडवा. पहिल्या तासाला माझे निम्मे चेंडू उजवीकडच्या जाळीत. शिकवणाऱ्याने विचारलं, "क्रिकेट खेळायचास का?"

हे त्याला कसं कळलं ते सांगतो, कारण आपल्याकडच्या बऱ्याच जणांना लागू पडेल. आपण टेनिस बॉलवर कव्हर ड्राइव्ह मारत वाढलेले. डावं कोपर उंच, बॅटचं तोंड शेवटपर्यंत समोर धरून ठेवायचं, मनगट वळू द्यायचं नाही. गोल्फमध्ये तेच केलं की क्लबचं, म्हणजे काठीचं, तोंड उघडं राहतं. चेंडू सुटतो तो बव्हंशी क्लबचं तोंड जिकडे असेल तिकडे, आणि हवेत वळतो तो तोंडाची दिशा आणि फटक्याची दिशा यांत जी फट राहते तिच्यामुळे. माझं तोंड उजवीकडे, फटका डावीकडे ओढलेला, म्हणून चेंडू केळ्यासारखा उजवीकडे वळायचा. त्यालाच स्लाइस म्हणतात. तुम्ही मुलगी असून गल्लीत क्रिकेट खेळला नसाल तर हा एक रोग तुम्हाला नाही, आनंद माना.

तुमचा रोग वेगळा आहे आणि तो डोक्यात नाही, म्हणजे डोकं खाली-वर करण्यात नाही. घरंगळणारे २७ चेंडू हेच सांगतात. आपल्याला वाटतं, चेंडू वर उडवायचा तर तो खालून उचलायला हवा. मग आपण मागच्या पायावर रेलतो. काठीचा झोका हा झोपाळ्यासारखा असतो, त्याचा सगळ्यात खालचा बिंदू मग चेंडूच्या मागेच पडतो, आणि काठी वर येता येता चेंडूच्या टाळूवर बसते. चेंडू घरंगळतो. वास्तविक उचलायचं काम तुमचं नाहीच. ७ आयर्नचं तोंड तीसेक अंशांनी मागे कललेलं असतं, ते बघून घेतं. तुम्ही फक्त चेंडूच्या पुढची जमीन झाडायची. तुमचे सर वजन पुढच्या पायावर म्हणतात ते याचसाठी. शेजारी नव्हे, सर बरोबर आहेत. डोकं दाबून धरलंत तर खांदे वळत नाहीत आणि मान धरते, हे तुम्ही स्वतः सिद्ध केलंच आहे.

आता बॅचचं. बाप्यासाहेबांचं म्हणणं बारा जणांच्या बॅचबद्दल खरं असेल. पण सहा जणांत? ६० मिनिटांतली पहिली दहा सगळ्यांची, उरलेल्या ५० चे सहा भाग, म्हणजे तुमच्या वाट्याला आठ मिनिटं. मीही हाच हिशोब करून कुरकुरलो होतो. तिसऱ्या आठवड्याला आमच्या शिक्षकाने एक गंमत केली. रेंजच्या कडेला गवताचा पट्टा होता. चौघांना पाठ करून उभं केलं आणि एकाला मारायला लावलं. आम्ही बघायचं नाही, नुसतं ऐकून सांगायचं: आधी चेंडू की आधी जमीन? पहिली पाच मिनिटं सगळे आवाज सारखेच वाटले. मग हळूहळू फरक कळायला लागला. जमीन आधी लागली की 'धप्प', गादीवर उशी आपटल्यासारखा. टाळूला लागला की 'टिंग', कोरडा, आणि मारणाऱ्याच्या बोटांना झिणझिण्या. आणि चेंडू आधी, मग गवत, असा लागला की 'टच्', लगेच पाठोपाठ बारीक 'खर्र'. नर्सबाई दहापैकी दहा बरोबर सांगायच्या. म्हणाल्या, चाळीस वर्षं लोकांच्या छातीला नळी लावून ऐकलंय.

त्या दिवसानंतर मी माझा फटका चेंडू कुठे गेला त्यावरून न तोलता आवाजावरून तोलायला लागलो. हे मला एकट्याच्या धड्यात मिळालं नसतं, कारण एकट्याला स्वतःचाच आवाज ऐकू येतो आणि तेव्हा तो मारण्यात गुंतलेला असतो. एक धोका मात्र सांगून ठेवतो. प्लास्टिकच्या मॅटवर काठी मागे टेकली तरी ती घसरत पुढे येते आणि चेंडू बरा उडतो. मॅट खोटी साक्ष देते. सरांना विचारून आठवड्यातून दहा चेंडू तरी गवतावर मारा.

सल्लागारांचा बंदोबस्त नियमातच आहे. स्पर्धेच्या फेरीत दुसऱ्या खेळाडूला सल्ला देणं नियम १०.२ प्रमाणे मना आहे, स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) त्याला दोन फटक्यांचा दंड बसतो. रेंजवर तो नियम लागू नाही, पण सीए साहेबांना हसत हसत सांगून बघा. सीए माणूस कलम-पोटकलमाला घाबरतो.

शेवटचं, तुमच्या आईंसाठी. सेंट अँड्रूजचा ओल्ड कोर्स, ज्याला लोक गोल्फची पंढरी म्हणतात, तिथे एरवी रविवारी खेळ बंद असतो. गावातली माणसं त्या दिवशी कुत्री घेऊन फिरायला येतात. मी स्वतः तिथे बायकोबरोबर डबा घेऊन फेऱ्या मारल्यात. तेव्हा गोल्फ क्लब म्हणजे चालायची जागा, ही समजूत अगदीच नाशिकपुरती नाही.

जाता जाता, विषय निघालाच आहे म्हणून: इथून जवळच मसलबराला होल पाडायचं १८२९ सालचं हत्यार होतं, ते अजून तिथल्या एका क्लबात जपलंय. आजही जगभरच्या होलचा व्यास तोच, सव्वाचार इंच. आणि त्याच १८२९ साली आपल्याकडे कलकत्त्यात गोल्फ क्लब निघाला, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना. आपण त्याला 'विदेशी खेळ' म्हणतो, पण भारतात तो पहिल्या आगगाडीच्या आधीपासून आहे.

ठाणेकर_बाप्या

लीथवाले काका, लिहिलंय झकास, पण तुमच्याकडचा शिक्षक आवाजाचे खेळ घेणारा होता. आमच्याकडचा मोबाइलवर बोलत फिरायचा. बॅच चांगली की वाईट हे मास्तरवर आहे. एवढं बोलून मी खाली बसतो. पहिली प्रवासी आगगाडी १८५३, बरोबर. मुंबई ते ठाणे. आमच्या गावाचा उल्लेख राहू नये म्हणून लिहिलं.

कॅडीचा_भाचा

माझे मामा पंचवीस वर्षं कॅडी होते. कुठल्या क्लबात ते राहू दे. आठवीत शाळा सुटली आणि बॅगा उचलायला लागले. साहेब लोकांचा खेळ बघून बघून शिकले. सोमवारी क्लब बंद असायचा तेव्हा सगळे कॅडी मिळून तुटक्या काठीने एकेक होल खेळायचे. चार जणांत एक काठी. एक मारणार, तीन बघणार आणि चेष्टा करणार. आता यालाच बॅच म्हणायचं असेल तर म्हणा.

मामा म्हणतात, आम्हाला 'स्विंग' हा शब्दसुद्धा माहीत नव्हता. ज्याची उंची आपल्याएवढी, त्या साहेबाची नक्कल करायची, एवढंच कळायचं. उंच माणसाची नक्कल बुटक्याने केली की हात वाकडे. ताई, तुमच्या बॅचमध्ये त्या नवरा-बायकोतली बायको तुमच्या अंगलोटाची असेल तर तिच्याकडे बघत जा, आयटीच्या पोराकडे बघू नका. त्याची कंबर २६ वर्षांची आहे.

याला कोणी हसू नये. १९९१ ची इंडियन ओपन जिंकलेले अली शेर दिल्लीत कॅडी होते. गोल्फपटू चौरसिया, ज्यांनी २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोनदा तीच स्पर्धा मारली, त्यांचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात हिरवळ राखायचे. क्लासची फी यांच्यापैकी कोणी भरली असेल असं मला वाटत नाही.

काठीबद्दल. मुसळासारखी लागते म्हणता म्हणजे दांडा स्टीलचा आणि लांबीही पुरुषांची असणार. रेंजवर विचारा, बायकांची ७ आयर्न कोपऱ्यात पडलेली असते. ग्रॅफाइटचा दांडा, हलका, जरा आखूड, लवचीक. कोणी मागत नाही म्हणून देत नाहीत. मामांना तुमचा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, "बाईंना सांग, काठी कुदळीगत आवळू नका. हातात चिमणी धरलीय असं धरा. उडूनही जाता कामा नये आणि मरताही कामा नये."

आणि एक. ७२ पारच्या, म्हणजे मुरलेल्या खेळाडूला ७२ फटके लागावेत अशा, कोर्सवर हिशोबात ३६ फटके पटिंगचे (होलजवळच्या हिरवळीवर चेंडू होलकडे घरंगळवायचे) धरलेले असतात. निम्मे. तुमच्या क्लासात चार दिवसांत पटर, म्हणजे पटिंगची काठी, हातात दिला का? नसेल दिला तर मागा. पटिंगला ना ताकद लागते ना २६ ची कंबर. तिथे तुम्ही सीएला पाणी पाजाल.

नाशिकची_माहेरवाशीण

सगळ्यांचे आभार. चिमणीचं वाचून एकटीच हसले. पटर अजून दिलेला नाही! विचारते. बायकांची काठीही विचारते, इतके दिवस सुचलंच नाही. बँकेत लोकांना म्हणायचे, काउंटरवर विचारा, विचारायला पैसे पडत नाहीत.

सायली_फ्रॉम_कोथरूड

ताई, लोक बघतात त्यावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितेय. मी तीन वर्षांपूर्वी याच अवस्थेत होते, बॅचमध्ये एकटी बाई. उपाय इतका साधा आहे की हसाल. जागा बदला.

उजव्या हाताने मारणारा माणूस उभा राहतो तेव्हा त्याचं तोंड रांगेत उजवीकडे असतं. म्हणजे तुमच्या डावीकडच्या मॅटवरच्याला तुमची पाठ सतत दिसते, तुम्हाला तो दिसतच नाही. तुमचे सीए साहेब 'मागे' आहेत म्हणता ना, ते हेच. तेव्हा रेंजकडे तोंड करून उभं राहिलं तर रांगेतलं सगळ्यात डावीकडचं मॅट पकडा. तुमच्या पाठीमागे कोणी उरत नाही आणि बाकी पाचही जणांच्या पाठी तुमच्यासमोर. त्यांना तुमच्याकडे बघायचं तर मुद्दाम मान वळवावी लागेल. भाचेबुवा म्हणतात तसं बघून शिकायचं असेल तर ती थिएटरातली बाल्कनी आहे. एकच अट, बॅचमध्ये कोणी डावरा नको. डावरा समोरासमोर येतो.

पंधरा मिनिटं आधी जावं लागतं, एवढंच.

आणि धीर हवा असेल तर: २०२० पासून जी जागतिक हँडिकॅप पद्धत आहे तिच्यात हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी जादा फटक्यांची सूट, ५४ पर्यंत चालतो. प्रत्येक होलला तीन फटके जास्त. म्हणजे नियम करणाऱ्यांनाच ठाऊक होतं की आपल्यासारख्या येणार आहेत. माझा ४१ आहे आणि मी तो छाती फुगवून सांगते.

नाशिकची_माहेरवाशीण

धागा वर काढतेय. दिवाळीचा फराळ संपला, क्लासही संपला, तेव्हा जमाखर्च मांडणं आलं.

बॅच सोडली नाही. सायली, तुझ्या सांगण्यावरून पाचव्या सत्राला पावणेसातला जाऊन डावीकडचं मॅट धरलं. सीए साहेब आले, माझ्या नेहमीच्या जागेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने पुढे गेले. मग नियम १०.२ सांगायची वेळच आली नाही. चहाच्या वेळी सांगितला तरी. त्यांनी तिथल्या तिथे मोबाइलवर काढून वाचला आणि म्हणाले, "पण यात रेंजचा उल्लेख नाही." लीथवाले काका, तुमचा अंदाज निम्माच खरा. ते कलमाला घाबरत नाहीत, कलमातून वाट काढतात.

आवाजाचा खेळ सरांना सांगितला. आधी जरा नाराज दिसले, विद्यार्थिनीने शिकवायला शिकवावं असं झालं असावं. पण सातव्या सत्राला त्यांनी आपणहून सगळ्यांना गवतावर नेलं आणि पाठ करून उभं केलं. आमच्याकडे दहापैकी दहा कोणाला आले नाहीत. सगळ्यात जास्त आले ते त्या नवरा-बायकोतल्या बायकोला, आठ. ती तबला शिकवते. नवऱ्याचा प्रत्येक फटका ऐकून ती न वळता "धप्प" म्हणायची आणि तो प्रत्येक वेळी "अगं, तो बरा होता" म्हणायचा. तेव्हापासून बॅचचा सूर बदलला. कोणी कोणाला सल्ला देत नाही, नुसतं "धप्प" किंवा "टिंग" म्हणतात. तेवढं पुरतं.

बायकांची ७ आयर्न होती. खरोखर कोपऱ्यात, छत्र्यांच्या मागे.

बाप्यासाहेब, तुमचाही मान राखला. आठव्या सत्रानंतर एकटीने पाऊण तास घेतला. चांगला झाला, पण तोवर काय विचारायचं ते मला माहीत होतं म्हणून झाला. पहिल्या आठवड्यात घेतला असता तर अडीच हजार रुपये सरांकडे बघत बसण्यात गेले असते. त्यांनी एकच गोष्ट दिली: फटका झाल्यावर मागच्या पायाची टाच वर आलेली हवी आणि चपलेचा तळ मागच्याला दिसायला हवा. दिसत नसेल तर वजन मागेच राहिलंय. आता मी फटका मारून टाच बघते, मग चेंडू.

शेवटच्या रविवारचा हिशोब: ५० पैकी उडाले २६, घरंगळले १३, आडवे ११, हवेत वार शून्य. ताळेबंद जुळतो.

पटरही मिळाला. नवव्या सत्राला सहा पावलांवरून दहा-दहा चेंडूंची पैज लागली. मी चार घातले, सीए साहेबांनी दोन. भाचेबुवा, मामांना कळवा.

दिवाळीत नाशिकला गेले होते. काठी गाडीत होती, ती आईने बघितली आणि म्हणाली, "हे काय?" आता सांगणं भाग होतं. तिने सगळं ऐकून घेतलं, काठी हातात घेतली, तोललं, "मुसळ याहून जड असतं" म्हणाली आणि परत दिली. मग अंगणात प्राजक्ताचा सडा पडला होता तिथे तिची चालायची काठी उलटी धरून एक झोका घेतला. ७९ वर्षांची बाई, गुडघ्याला पट्टा. चार फुलं उडाली, काठी फरशीला लागली नाही. मी न सांगता मागची टाचही वर आली होती.

"यात अवघड काय आहे?" म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

स्वतःची एक वेज (जवळच्या उंच फटक्यांची काठी) आणि एक पटर जुना बघतेय. काय बघून घ्यावं, दांडा कितीचा, पकड बदलून मिळते का, यावर वेगळा धागा काढते. बाप्यासाहेब, तिथे या भांडायला.